परतलेल्या संकेतांतून समुद्राची उंची

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा हिंदी महासागरात पसरल्या. सुमारे दोन तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह त्यांच्यावरून गेला आणि खोल समुद्रात पाणी अर्ध्या मीटरहून अधिक उंचावल्याची नोंद त्याने केली. नोंद मोलाची, पण तो निव्वळ योगायोग होता. रडारने उंची मोजणारा असा उपग्रह थेट खालची अरुंद पट्टी तेवढी पाहतो. ‘जेसन’ला त्याच मार्गावर परतायला सुमारे दहा दिवस लागत.

या उणिवेवर एक उपाय १९९३ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेतील मॅन्युएल मार्टिन-नेरा यांनी सुचवला. जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून अखंड संकेत पाठवत असतात. त्यांतले काही समुद्रावर आपटून वर परततात. थेट आलेला आणि पाण्यावरून परतलेला संकेत यांच्या वेळेतील फरक मोजला, की पाण्याची पातळी काढता येते. त्यासाठी उपग्रहाला स्वतः लहरी सोडाव्या लागत नाहीत, फक्त ऐकावे लागते. यंत्र लहान आणि स्वस्त होते, शिवाय एकाच वेळी अनेक ठिकाणची मोजणी मिळते.

मात्र हे संकेत मुळात क्षीण असतात आणि खवळलेल्या समुद्रावर ते विखुरतात. त्यामुळे रडारची काही सेंटीमीटरची अचूकता अवकाशातून या पद्धतीला सहसा गाठता येत नाही. ‘नासा’ने २०१६ मध्ये सोडलेले ‘सिग्नस’चे छोटे उपग्रह हीच पद्धत वापरतात, पण त्यांचे मुख्य काम चक्रीवादळातील वारे मोजण्याचे आहे. समुद्रपातळी वर्षाला काही मिलिमीटरने वाढते. ती टिपायला रडारचे उपग्रहच हवेत. स्वस्त पर्याय आला म्हणून त्यांचा निधी कापणे चुकीचे ठरेल.

किनाऱ्यावर मात्र ही पद्धत आजही उपयोगी आहे. अलास्कात जमिनीची हालचाल मोजण्यासाठी बसवलेल्या एका जीपीएस केंद्राच्या नोंदींत पाण्यावरून परतलेल्या संकेतांची भेसळ होती. क्रिस्टिन लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्यातूनच भरती-ओहोटी मोजून दाखवली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या नोंदी आहेत. पण असा मापक जमिनीच्या तुलनेत पाणी मोजतो. पाणी चढले की जमीन खचली, हे तो एकटा सांगू शकत नाही. जीपीएस केंद्र पाणी आणि जमीन, दोन्हींची उंची सांगते.

म्हणून कोकणातील बंदरांवर पाण्याकडे तोंड करून अशी केंद्रे बसवावीत, जुन्या मापकांशी त्यांची तुलना व्हावी आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या असाव्यात. भरतीची रेषा कुठे जाणार, यावर बांध, जेटी आणि किनाऱ्यालगतची घरे अवलंबून आहेत. समुद्रपातळीचा कल कळायला काही दशकांच्या नोंदी लागतात आणि न मोजलेली वर्षे नंतर मोजता येत नाहीत.