डिस्चार्ज कार्डवरची शेवटची ओळ

बारावीचे आणि 'नीट'चे निकाल लागले की माझा फोन दिवसभर वाजत असतो. बचत गटांच्या कामामुळे वैजापूर, कन्नड, सिल्लोड, पैठण या भागातल्या पुष्कळ जणींशी घरोबा झालाय आणि 'ताई शहरात राहतात, त्यांना सगळं माहीत असतं' असा त्यांचा गोड गैरसमज आहे. मी साधी बी.ए. झालेली बाई! पण विचारलं की शोधावं लागतं. अशाच एकीचा फोन आला. म्हणाली, "ताई, पोरीचे नीटचे मार्क कमी पडले. एमबीबीएस काही मिळत नाही. दीर म्हणतात फिजिओथेरपीला घाला. आणि एक जण सांगतोय, ऑस्टिओपॅथीचा कोर्स आहे, सहा महिन्यांत होतो, नावापुढं डॉक्टर लावता येतं. खरं का हो?"

सहा महिन्यांत डॉक्टर! एवढ्यात तर आमच्या गटाचं पापडाचं मशीनसुद्धा मंजूर होत नाही. पण हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही. त्या घरातली दोन एकर जमीन त्या पोरीच्या शिक्षणासाठी गहाण पडायच्या बेतात होती.

आधी मोठं चित्र बघू. आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. आपण सगळे ज्याला 'घाटी' म्हणतो तेच हे. त्यानंतर अंबाजोगाई, नांदेड, २००२ मध्ये लातूर, अशी एकेक भर पडत गेली. आणि मग अचानक वेग आला. २०२२ मध्ये धाराशिव, २०२३ मध्ये परभणी, २०२४ मध्ये जालना आणि हिंगोली. म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकट्या २०२४ मध्ये राज्यात अशी दहा नवी महाविद्यालयं उघडली. ज्या भागातून साध्या सोनोग्राफीसाठी एस.टी.ने घाटीला यावं लागायचं, त्या भागासाठी ही लहान गोष्ट नाही. इमारती, प्राध्यापक, यंत्रं पुरेशी आहेत का, याच्या तक्रारी चालूच राहतील आणि त्या चालू राहिल्याच पाहिजेत. पण दार उघडलं, एवढं तरी खरं.

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. डॉक्टर वाढले, पण डॉक्टरांनी घरी सोडल्यावर पुढं काय?

हा प्रश्न मला चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात भेटला. सासूबाईंना पहाटे लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात वेळेवर पोचलो, जीव वाचला, आठव्या दिवशी घरी सोडलं. हातात डिस्चार्ज कार्ड, त्यावर गोळ्यांची लांबलचक यादी आणि अगदी तळाशी गिचमिड अक्षरात एक ओळ. ती ओळ मला कुणी वाचून दाखवली नाही आणि मीही विचारली नाही. गोळ्या मात्र घड्याळ लावून दिल्या. गावाकडच्या नातेवाइकांनी मालिशवाले आणले, तेल आलं. लुळा हात धरून रोज ओढायचा, चोळायचा. सासूबाई कळवळायच्या आणि आम्हाला वाटायचं, कळ येतेय म्हणजे जीव येतोय! महिना गेला. खांदा पक्का धरला. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "फिजिओथेरपी लिहिली होती ना, सुरू नाही केली?" तळाची ओळ ती होती.

मग शोधाशोध. स्कूटीवरून येणारी एक तरुण मुलगी मिळाली, आठवड्यातून तीन दिवस यायची. तिनं आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे मालिश बंद! झोपवताना त्या हाताखाली उशी कशी ठेवायची, उठवताना बगलेत हात घालून का ओढायचं नाही, कुशीवर वळून कसं बसायचं, चांगल्या हाताने दुसऱ्या हाताला कसं न्यायचं, हे तिनं आईंना शिकवलं आणि त्याहून जास्त मला शिकवलं. लकव्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे, हेही तिच्याकडूनच कळलं. त्यातला एक महिना आम्ही तेलात घालवला होता. आज सासूबाई काठी घेऊन चालतात, बसल्या बसल्या शेंगा सोलतात. खांदा मात्र पुरता सुटला नाही.

हे शहरात, खिशात थोडे पैसे असलेल्या घरात. कन्नडच्या पलीकडच्या एखाद्या वस्तीवर अशी स्कूटी कुठून येणार?

आता त्या 'ऑस्टिओपॅथी'कडे वळते, कारण हा शब्द आता पाट्यांवर दिसायला लागलाय. मूळ अमेरिकेतलं. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक डॉक्टर होते. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली. तेव्हाची औषधं पाहून त्यांचा त्या वैद्यकीवरचा विश्वासच उडाला आणि हाडं, सांधे, स्नायू यांना हाताने तपासून उपचार करण्याची पद्धत त्यांनी मांडली. १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्याशा गावात त्यांनी शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात मुलींना घेतलं! आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, पण ते बायकांचं वेगळं कॉलेज होतं. पुरुषांच्या बाकाशेजारी बाईला बसवणं तेव्हा अमेरिकेतही सोपं नव्हतं.

स्टिलसाहेबांचे सगळेच दावे पुढं विज्ञानाला पटले नाहीत. पण त्यांची कॉलेजं काळाप्रमाणे बदलली. आज अमेरिकेत 'डी.ओ.' ही पदवी घेणारा पूर्ण डॉक्टर असतो. औषधं देतो, शस्त्रक्रिया करतो, एम.डी.च्या बरोबरीने. तिकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चारात एकाहून जास्त जण या कॉलेजांत शिकतात आणि यातली बरीच कॉलेजं गावाकडच्या भागात आहेत. इंग्लंडात मात्र तोच शब्द हाताने उपचार करणाऱ्या थेरपिस्टला वापरतात. त्यांच्यासाठी तिथं १९९३ चा वेगळा कायदा आहे. एकच शब्द, दोन देशांत दोन अर्थ. आणि आपल्याकडे शनिवार-रविवारच्या चार-सहा वर्गांचं सर्टिफिकेट देताना अमेरिकेचा अर्थ सांगायचा! शिकलेल्या फिजिओथेरपिस्टनं ज्ञानात भर म्हणून असा वर्ग केला तर कुणाची हरकत नाही. पण बारावीनंतर थेट सहा महिन्यांत कुणी डॉक्टर होत नाही. मी त्या मैत्रिणीला स्पष्ट सांगितलं, "बाई, पैसे भरू नकोस."

मग खरा रस्ता कोणता? तो शोधताना मला एका बाईची ओळख झाली आणि आपल्याला शाळेत हिच्याबद्दल कसं कुणी सांगितलं नाही याचं नवल वाटलं. कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथं आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढं परत अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार शिकल्या. आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, घास तोंडापर्यंत नेता यावा, गुंडी लावता यावी, यासाठीचं हे शास्त्र. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी याचं शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू केली. पोलिओने लुळी झालेली पोरं तेव्हा वॉर्डावॉर्डांत होती. त्यापाठोपाठ के.ई.एम.मध्येच फिजिओथेरपीची शाळा निघाली. फलटणला 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आहे, ती याच बाईंच्या नावाची. म्हणजे हे शिक्षण महाराष्ट्रात सत्तरेक वर्षं जुनं आहे. तालुक्यापर्यंत यायला मात्र त्याला अजून सवड मिळालेली नाही.

राज्यात या दोन्ही व्यवसायांसाठी २००२ चा कायदा आहे आणि नोंदणी करणारी परिषद आहे. केंद्राने २०२१ मध्ये आणखी व्यापक कायदा केला. डॉक्टर आणि नर्स सोडून आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, प्रयोगशाळा, डायलिसिस, क्ष-किरण अशा लोकांचे दहा गट केले आणि किमान शिक्षण ठरवलं. पदविकेला निदान दोन हजार तास, पदवीला तीन हजार सहाशे तास. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवाल्यांनी हे तास मोजून दाखवावेत! २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रमही आला, त्यात फिजिओथेरपीची पदवी वर्षभराच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांची केली आहे. आपल्या राज्यात तिचे प्रवेश नीटवरूनच होतात, म्हणून 'नीट फुकट गेली' असं म्हणत बसू नये. आणि 'डॉक्टर' लावण्याचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयातून 'फिजिओथेरपिस्टनी डॉ. लावू नये' असं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. त्यावर भांडण चालू आहे. मला विचाराल तर ती स्कूटीवाली मुलगी नावापुढं काहीही लावो, आईंना तिने उभं केलं.

पैशाचं बोलल्याशिवाय आपल्या घरात कुठलाच निर्णय होत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. पण यात मेख आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च घरचाच. एजंट ही मेख सांगत नाही, कारण त्याचं कमिशन नेमकं तिथंच असतं. कॉलेज बघायला गेलात तर इमारतीच्या काचा बघू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते जोडलेलं आहे का, आणि स्वतःचं चालू रुग्णालय आहे का, ते विचारा. पेशंटच नसतील तर पोरगी हात कुणावर बसवणार?

आता दुसरी बाजू. मुली शिकतील, पण नोकरी कुठं? जिल्हा रुग्णालयात एखादं-दुसरं पद. लहान मुलांच्या तपासणी केंद्रांत काही पदं, तीही बहुतेक कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरची. मग मुली पुण्या-मुंबईला जातात आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरींना गावात राहायला नको! राहायला जागा, सुरक्षितता आणि वेळेवर पगार दिला तर बघा की राहतात का. पदवीच्या जागा वाढवायच्या आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पद काढायचं नाही, हे मला विहीर खणून दोर न देण्यासारखं वाटतं.

गरज नाही असं तर कुणी म्हणूच नये. कापूस वेचणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांच्या कमरा बघा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी समितीने पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे पुष्कळ कारणं आहेत आणि व्यायामाने सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण अंगावर जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं या सगळ्याला एकच उत्तर, 'काढून टाका', असं देणाऱ्या जगात दुसरं काही सांगणारं माणूसच जवळपास नव्हतं, हेही खरंच ना? बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी होते, हे किती जणी कुणाला सांगतात? गटाच्या बैठकीत मी एकदा हा विषय काढला. आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या, मग एकेक करून वीसपैकी अकरा जणी बोलल्या. त्यावर पहिला उपाय ऑपरेशन नसतो, खालच्या स्नायूंचा व्यायाम असतो. शिकवायला एक बाईमाणूस, एक खोली आणि एक सतरंजी पुरते.

त्या मैत्रिणीच्या मुलीचं म्हणाल तर तिने केंद्रीय फेरीचा फॉर्म भरला. जमीन अजून गहाण पडलेली नाही. यादी लागण्याआधी ती दोन दिवस आमच्याकडे राहायला आली होती. सासूबाईंनी तिला समोर बसवून आपला धरलेला खांदा दाखवला आणि म्हणाल्या, "हे बघ, हा असा होऊ द्यायचा नाही." ती पोर वही-पेन घेऊन बसली होती.