‘बालगुन्हेगार’ : एका शब्दाचा गुन्हा

दरवर्षी २६ जूनला आमच्यासारख्या महाविद्यालयांत दोन कार्यक्रम एकाच सभागृहात उरकले जातात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, म्हणजेच सामाजिक न्याय दिन. आणि अमली पदार्थविरोधी दिन. सकाळी न्यायाचे गोडवे गायचे, दुपारी ‘वाया गेलेल्या’ पोरांना नावे ठेवायची. त्यात विसंगती आहे असे कुणालाच वाटत नाही. निबंधस्पर्धेचे परीक्षक आम्ही मराठीचेच प्राध्यापक. तेव्हा या दोषाचा पहिला वाटा आमचा.

त्या निबंधांतला लाडका शब्द ‘बालगुन्हेगार’. मुलांविषयी कलंक लावणारी भाषा वापरू नये, हे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने तत्त्व म्हणूनच सांगितले आहे. त्याची संज्ञा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. ती बोजड आहे, तिची टिंगल आम्हीही केली. पण ‘गुन्हेगार’ हे नाम माणसाला जन्मभर चिकटते. ‘ग्रस्त’ असणे ही अवस्था आहे आणि अवस्था पालटू शकते. हा फरक भाषेच्या शिक्षकांनी नाही सांगायचा, तर कुणी?

निबंधांतला क्रमही ठरलेला : वाईट नाद, मग घरातून पलायन, मग चोरी. तो एकदा उलट लावून पाहावा. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गावेच्या गावे ओस पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला अवजाराचे नाव. मूल आजीपाशी मागे राहते, नाहीतर फडावर जाते आणि शाळा तुटते. परळी रेल्वेचे जंक्शन आहे, शिवाय वैद्यनाथाचे क्षेत्र. इथल्या गर्दीत एकटे पोर सहज मिसळून जाते. मार, भूक किंवा घरातल्या दारूला कंटाळून ते गाडीत बसले, तर ते पळाले म्हणावे की हाकलले गेले?

फलाटावर भूक आणि भीती बधिर करायला थिनर, सोल्युशन स्वस्तात मिळते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगण्याची नशा हीच एक अशी निघाली, जिचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे : प्रौढांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. हे मूल चोरीआधी सापडले तर बालकल्याण समितीपुढे जाते, चोरीनंतर सापडले तर बाल न्याय मंडळापुढे. मूल एकच; मधे एखाद्या रात्रीचे अंतर. त्याच कायद्याचे कलम ७७ मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. तो देणारा आमच्या एकाही निबंधात येत नाही.

म्हणजे चोरी माफ करायची का, असे विचारले जाईल. नाही. ज्याची वस्तू गेली त्याचे दुःख खरे आहे. पण कारण विचारणे म्हणजे माफी देणे, हा समज साहित्याच्या अभ्यासकांना तरी शोभत नाही. १९६५ साली भाऊ पाध्ये यांचे ‘वासुनाका’ आले तेव्हा आपण अश्लीलतेवर भांडलो. नाक्यावरची पोरे तशी का, हा प्रश्न मागेच पडला. साठ वर्षांनंतरही आपण पोरांच्या तोंडाचा वास तेवढा घेतो आहोत.

येत्या २६ जूनला आम्ही विषय बदलणार आहोत : ‘मूल घर का सोडते?’ फळ्यावर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांकही लिहू. आणि ‘बालगुन्हेगार’ हा शब्द जिथे येईल, तिथे तांबडी रेघ ओढू. पहिली रेघ आमच्याच जुन्या भाषणांवर.