विस्मृतीची पहिली नोंद खातेपुस्तकात

वीजबिल दोन महिने थकते, ओटीपी टाइप करताना पुन्हा पुन्हा चूक होते, रोजचा पासवर्ड आठवेनासा होतो. ‘वय झाले’ म्हणून घरची मंडळी तिकडे दुर्लक्ष करतात. मात्र स्मृतिभ्रंशाची चाहूल पुष्कळदा अशाच किरकोळ व्यवहारांत लागते.

अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या आर्थिक नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, त्यांची देणी निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच थकू लागल्याचे त्यात आढळले. त्यापूर्वी २०१४ मध्ये ओरेगन येथील संशोधकांनी सौम्य बोधनक्षय असलेल्या ज्येष्ठांचा संगणकवापर हळूहळू घटत गेल्याचे दाखवले होते.

गोव्याने या निष्कर्षांकडे गांभीर्याने पाहावयास हवे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठीपुढील नागरिकांचे प्रमाण ११.२ टक्के, म्हणजे केरळखालोखाल होते. देशात या वयोगटातील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. मुले आखातात, ब्रिटनमध्ये किंवा जहाजावर आणि आईवडील गावच्या घरात, अशा कुटुंबांत दुरून कळणारा बदल हाच पहिला इशारा ठरू शकतो.

तथापि इशारा म्हणजे निदान नव्हे. मोतीबिंदू, संधिवात, नैराश्य किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही मोबाइलवरचा हात अडखळतो, आणि यांवर उपचार आहेत. ज्यांनी स्मार्टफोन कालपरवाच हाती घेतला, त्यांची तुलना इतरांशी करणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येकाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या सवयींशी व्हावी.

खरा प्रश्न ही नोंद कोणाच्या हाती पडते, हा आहे. डॉक्टरांना उपयोगी पडणारी माहिती विमा कंपनीला हप्ता वाढवण्यास आणि भामट्याला सावज हेरण्यासही तितकीच उपयोगी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीला महत्त्व देतो. पण स्मृती ढासळू लागल्यावर घेतलेली संमती कितपत खरी? म्हणून कोणाला काय कळवावे, हे ज्येष्ठांनी धडधाकट असतानाच ठरवून ठेवणे श्रेयस्कर.

शेवटी, इशारा मिळाल्यावर जायचे कोठे? प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी गेल्यास रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण हलका होतो, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातीलच अभ्यासाने दाखवून दिले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून अशी सेवा उभी राहिली नाही, तर लवकर कळलेला आजार म्हणजे केवळ लवकर सुरू झालेली चिंता ठरेल.