कोयत्याच्या आधीची आठ वर्षे

ऊसतोडीच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कष्टाचे माप असलेला हा शब्द गेल्या काही वर्षांत पुण्यात दहशतीचा शब्द झाला आहे. मिसरूडही न फुटलेली मुले रात्री दुचाकीवरून येतात, रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या काचा फोडतात, समोर येईल त्याच्यावर कोयता उगारतात आणि त्याचाच व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. पोलिसांनी गस्त वाढवली, टोळ्यांवर मकोका लावला, कोयते विकणाऱ्यांना गिऱ्हाइकांची नोंद ठेवायला सांगितले. हे करणे भागच होते. पण सोळाव्या वर्षी कोयता उचलणारा मुलगा आठव्या वर्षी तिसरीच्या वर्गात कुणा बाईंसमोर बसत होता. मधली आठ वर्षे तो आपल्या डोळ्यांसमोर होता. त्या आठ वर्षांचा जाब पोलिसांना विचारता येणार नाही. तो घराला, शाळेला आणि सरकारला द्यावा लागेल.

मुले अशी का होतात, याचा अंदाज आधी बांधता येतो का? बऱ्याच अंशी येतो, आणि हे आता जगाला ठाऊक झालेले आहे. १९६१ साली दक्षिण लंडनच्या कामगार वस्तीतील आठ-नऊ वर्षांच्या ४११ मुलांची पाहणी सुरू झाली. डोनाल्ड वेस्ट यांनी हाती घेतलेले आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी पुढे नेलेले हे काम त्या मुलांनी पन्नाशी गाठली तरी चालू होते. अवघ्या ७ टक्के मुलांच्या नावावर साऱ्या गटाचे जवळपास निम्मे गुन्हे नोंदले गेले. आणि पुढच्या गुन्हेगारीच्या खुणा आठव्या ते दहाव्या वर्षीच दिसल्या होत्या. वर्गात सततचा दंगा, मागचापुढचा विचार न करता वागणे, अभ्यासात मागे पडणे, घरातली कठोर शिक्षा, मूल कुठे आहे आणि कुणाबरोबर आहे याची विचारपूस नसणे, आईवडिलांची ताटातूट, घरातले कुणी आधीच गुन्ह्यात सापडलेले असणे, गरिबी. यातली एकटीदुकटी खूण काही ठरवत नाही. एकीवर दुसरी साचत गेली की मात्र धोका वाढत जातो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणतो. पण पाळण्याची दोरी मोठ्यांच्या हातात असते, हे त्याच दमात म्हणायला हवे.

शाळेतल्या दादागिरीचा शास्त्रशुद्ध अभ्यास पहिल्यांदा केला तो डॅन ओल्वेउस यांनी, स्वीडन आणि नॉर्वेत. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचे संभाव्य कारण असल्याचे पुढे आले आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी सरकारने देशभर मोहीम उघडली. ओल्वेउस यांनी दादागिरी करणाऱ्या मुलांचा माग मोठेपणीही घेतला. सहावी ते नववीत इतरांना छळणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ६० टक्के जण चोविसाव्या वर्षापर्यंत किमान एकदा न्यायालयात दोषी ठरले होते. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा शिक्षा झाली, असे त्यांच्यात ३५ ते ४० टक्के होते. दादागिरीशी संबंध नसलेल्या मुलांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्याची ही पुढची पायरी आहे.

आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या मैदानाच्या कडेला मधल्या सुट्टीत उभे राहून पाहा. पाण्याच्या टाकीजवळ पाचवीतला एक बारकेला मुलगा डबा उघडतो. सातवीतले दोघे येतात. एक जण पोळीची गुंडाळी उचलून हुंगतो, नाक दाबतो आणि मुलाच्या आईच्या कामावरून काहीतरी बोलतो. दुसरा डब्याचे झाकण पायाने लांब उडवतो. भोवती आठ-दहा जणांचे कोंडाळे जमते. दोघे-तिघे फिदीफिदी हसतात, बाकीचे नुसते बघतात. मुलगा झाकण आणायला जातो. तो रडत नाही, कारण आज रडला तर उद्या दुप्पट त्रास होईल हे त्याला कळले आहे. तास सुरू झाल्यावर बाई विचारतात, ‘काय रे, काय झालं?’ तो म्हणतो, ‘काही नाही, बाई.’ आणि कधी धीर करून त्याने सांगितलेच, तर उत्तर मिळते, ‘आपापसात मिटवा. सारख्या कागाळ्या करू नका.’

त्या एका वाक्यात सातवीतल्या मुलाला परवाना मिळतो आणि पाचवीतल्या मुलाचे तोंड कायमचे बंद होते. उरलेल्या आठ-दहा जणांना कळते की गप्प राहण्यात शहाणपण आहे. या बघ्यांकडे आपले सर्वात कमी लक्ष असते. कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी शाळांच्या मैदानांवरचे असे प्रसंग कॅमेऱ्यांतून टिपले. दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती. त्यांपैकी कुणी मधे पडले ते पाचातल्या एका प्रसंगात. पण जेव्हा कुणी मधे पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. एका सोबत्याचे ‘सोड त्याला’ एवढे शब्द इतके काम करतात. आणि ते म्हणण्याची हिंमत आपण मुलांना शिकवत नाही.

मग मुले दादागिरी शिकतात कुणाकडून? ‘सर, चांगला बडवा त्याला, आमची काही तक्रार नाही,’ असे शाळेत येऊन सांगणारे पालक आजही आहेत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. दोनच वर्षांनी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. कायदा आला, पण मारणे म्हणजे वळण लावणे ही समजूत घराघरांत आणि स्टाफरूममध्ये टिकून आहे. मार खाणारे मूल त्यातून एवढेच शिकते की ज्याचे वजन जास्त, त्याचे खरे. तो धडा ते मधल्या सुट्टीत आपल्याहून लहानावर गिरवते. ओल्वेउस यांनी दादागिरीची मुळे शोधली तेव्हा घरातल्या मायेचा दुष्काळ, मुलाने हात उगारला तरी त्याकडे काणाडोळा आणि मारझोड या तीन गोष्टी त्यांना ठळक दिसल्या. कुटुंबाच्या मिळकतीशी दादागिरीचा तसा संबंध त्यांना आढळला नाही. म्हणून ‘झोपडपट्टीतली मुलं’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी आपल्या सोसायटीतल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालते ते एकदा विचारावे. तिथे मधली सुट्टी कधी संपतच नाही. आणि दुसऱ्याच्या जातीवरून, रंगावरून, बोलीवरून घातलेली नावे मुलांनी स्वतः शोधलेली नसतात. ती जेवणाच्या ताटावर मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली असतात.

अशा वेळी कडक कायद्याची मागणी जोर धरते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट आधीच उघडली आहे. ज्याने कुणाचा जीव घेतला, त्याला जबाबदार धरावेच लागेल. पण प्रत्येक हूड पोराच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का मारणे घातक आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दाखवून दिलेला फरक इथे लक्षात ठेवायला हवा. काही थोड्या मुलांचा उपद्रव बालपणीच सुरू होतो आणि आयुष्यभर सुटत नाही. बहुतेकांचा मात्र पौगंडावस्थेत सुरू होऊन तिथेच विरतो, मधे शाळा सुटली नाही, व्यसन लागले नाही, कोठडीचा डाग बसला नाही तर. पहिल्यांना सातव्या-आठव्या वर्षीच मदत लागते, दुसऱ्यांना परतीची वाट उघडी लागते. आज आपण या दोन्हींपैकी एकही नीट देत नाही.

उपाय नाहीत असे नाही. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या पुढाकाराने जो कार्यक्रम उभा केला, त्याचा मोठा भर बघ्या मुलांना बोलते करण्यावर आहे. जगभरच्या दादागिरीविरोधी कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला असता दादागिरी सुमारे पाचव्या हिश्शाने घटल्याचे दिसले. हा आकडा जादूचा नाही, पण एका मोठ्या शाळेत किती मुलांचे दिवस त्याने सुसह्य होतील याचा विचार करा.

आमची मागणी साधी आणि तातडीची आहे. शाळेतली प्रत्येक तक्रार वहीत लिहिली जावी आणि तिला दुसरा दिवस उजाडण्याआधी उत्तर मिळावे. तक्रारपेट्या भिंतीवर लागल्या आहेत. त्या दर आठवड्याला पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधींसमोर उघडाव्यात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत नेमलेल्या सखी सावित्री समित्यांनी कागदावरून वर्गात यावे. मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंतची कामे शिक्षकांच्या गळ्यात बांधून मग मुलांकडे लक्ष का नाही, असे विचारायचा सरकारला अधिकार नाही. निदान शाळांच्या प्रत्येक केंद्रासाठी एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. तिसरीत वाचता न येणाऱ्या आणि वर्गात सतत भांडणाऱ्या मुलाला दोन वेगळे प्रश्न मानू नये; बहुतेकदा ते एकच मूल असते. आठवीनंतर पटावरून गळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी कुणीतरी जावे, टोळीचा निरोप पोहोचण्याआधी. आणि पालकांनी संध्याकाळी ‘गुण किती मिळाले?’ याआधी ‘आज कुणाबरोबर डबा खाल्लास?’ हे विचारावे.

उद्या पुन्हा मधल्या सुट्टीची घंटा होईल. पाण्याच्या टाकीजवळ पुन्हा एखादे झाकण उडवले जाईल. ते उडवणारा सातवीतला मुलगा तेरा वर्षांचा आहे. म्हणजे आठांपैकी पाच वर्षे आपण घालवली आहेत आणि तीन उरली आहेत. त्याला आणि डबा पोटाशी धरून बसलेल्या त्या बारकेल्याला, दोघांनाही त्या क्षणी एका मोठ्या माणसाची गरज आहे. ते माणूस तिथे पोहोचले पाहिजे.