किलोमीटर नंतर बघा, आधी पाणी बघा

जुनी फॅमिली कार घ्यायची, आठवडाभर ग्राहकांकडे फिरायचं, रविवारी घरच्यांना घेऊन जायचं. विचार चांगला आहे. (पांढऱ्या नंबरप्लेटवर भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत, तेवढं कमाईच्या हिशेबात धरू नका.) पण गाडी बघायला गेलात की पहिला प्रश्न काय विचारता? "किती फिरलीय?" माझ्या मते पुण्यात पहिला प्रश्न वेगळा हवा: ही गाडी कधी पाण्यात होती का?

२५ जुलै २०२४ आठवा. खडकवासला धरणातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं, आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरलं. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. वायरिंगच्या जोडांत धरलेला गंज मात्र काही महिन्यांनी बोलायला लागतो, आणि तेव्हा खर्च तुमच्या भांडवलातून जातो.

म्हणून सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग आहे का बघा. स्टेपनी उचलून खालचा खळगा चाचपा, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज शोधा. आत परफ्यूमचा भपकारा येत असेल तर मला तरी संशय येतो.

मग कागद. मालक म्हणतो, "एकदाही क्लेम केला नाही." ठीक आहे, पुरानंतर रिन्यू झालेली पहिली पॉलिसी मागा. त्यात नो क्लेम बोनस शून्य असेल तर का, ते विचारा. शून्य म्हणजे मालक खोटंच बोलतोय असं नाही. मालकी बदलली, पॉलिसी मध्येच बंद पडली तरी बोनस जातो. पण पटेल असं उत्तर मिळायला हवं. सर्व्हिसची बिलंही मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

इंजिन थंड असतानाच चावी मागा. चार माणसं बसवा, डोणज्यावरून सिंहगडाच्या घाटात गाडी घाला. इंजिनचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही? क्लच प्लेट संपत आलीय. चढावर तापमानाचा काटा आणि उतरताना ब्रेक, दोन्हीकडे लक्ष ठेवा. सोबत मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि विकणारा घाटात न्यायला नाहीच म्हणाला, तर टोकनसुद्धा नाही.