तबकडीत उरलेला राजा

५ एप्रिल १९२३. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील रिचमंड नावाचे छोटे शहर. तेथील एका पियानो कारखान्याच्या आवारात, रेल्वेच्या रुळांलगतच्या खोलीत शिकागोहून आलेले कृष्णवर्णीय वादक दाटीवाटीने उभे होते. समोर मायक्रोफोन नव्हता. होता तो फक्त एक मोठा कर्णा. त्यात जेवढा आवाज शिरेल, तेवढाच पलीकडे फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर कोरला जाणार. रुळांवरून गाडी धडधडत निघाली की काम थांबायचे, ती लांब गेली की पुन्हा सुरू व्हायचे.

या वादकांचा म्होरक्या होता जो ऑलिव्हर. एक डोळा लहान वयातच गमावलेला हा धिप्पाड माणूस कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊच. न्यू ऑर्लिन्स या गावात तो लहानाचा मोठा झाला. तिथे मिरवणुकीलाच नव्हे, अंत्ययात्रेलाही बँड लागतो. वाद्याच्या तोंडाशी कधी पेला, कधी बाटली, तर कधी चक्क बादली धरून ऑलिव्हर असे आवाज काढायचा, की एखादे मूल रडते आहे असे वाटावे. लोक त्याला ‘किंग’ म्हणू लागले ते उगाच नव्हे.

त्याच गावात लुई आर्मस्ट्राँग नावाचा एक गरीब पोरगा त्याच्या घरी येत-जात असे. ऑलिव्हरच्या बायकोची बाजारहाटाची कामे करायची आणि बदल्यात वाजवायला शिकायचे, असा साधा व्यवहार होता. ऑलिव्हरने आपले एक जुने कॉर्नेटही त्याला देऊन टाकले. लुई त्याला ‘पापा जो’ म्हणायचा. ऑलिव्हर शिकागोला गेला, तिथे त्याचा जम बसला आणि १९२२ साली त्याने तार करून लुईला आपल्या ‘क्रिओल जॅझ बँड’मध्ये बोलावून घेतले. आपल्याहून सरस ठरू शकेल असा शिष्य कोणता उस्ताद स्वतःच्या शेजारी उभा करतो? ऑलिव्हरने केला.

गुरू पुढे, शिष्य मागे

रिचमंडच्या त्या खोलीत मात्र पंचाईत झाली. लुईचा आवाज इतका दणदणीत, की कर्ण्यासमोर तो इतरांना झाकून टाकू लागला. बँडमध्ये पियानो वाजवणारी आणि पुढे लुईची पत्नी झालेली लिल हार्डिन सांगत असे, की त्याला बाकीच्यांपासून बारा-पंधरा फूट मागे उभे करावे लागले. बिचारा लुई तिथे खिन्न चेहऱ्याने उभा होता म्हणे! ढोल जोरात वाजला तर कोरणारी सुई उडेल, म्हणून ढोलवादक बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले.

दोन दिवसांत नऊ गाणी मुद्रित झाली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये लुईचे पहिलेवहिले एकल वादन आहे. ‘डिपर माउथ ब्लूज’मध्ये ऑलिव्हरची तीन आवर्तने आहेत. ती पुढे कित्येक ट्रम्पेटवादकांनी सुरासुराने पाठ केली. गंमत अशी, की याच कारखान्यात कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या संघटनेच्या तबकड्याही पैसे घेऊन छापून दिल्या जात. धंद्याला रंग नसतो, तो असा!

त्याच वर्षी ओकेह, कोलंबिया आणि पॅरामाउंट या कंपन्यांसाठीही या बँडने ध्वनिमुद्रण केले. १९२४ मध्ये लुई बँड सोडून न्यूयॉर्कला गेला. तिथे फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदाने १९२५ साली ‘डिपर माउथ ब्लूज’च ‘शुगर फूट स्टॉम्प’ या नावाने मुद्रित केले. त्यात लुईने पापा जोचीच आवर्तने वाजवली.

दातांनी दगा दिला

ऑलिव्हरला गोडाची भारी आवड. पावात साखर भरून तो खायचा, असे सांगतात. पुढे हिरड्यांना पायोरिया झाला. ट्रम्पेट किंवा कॉर्नेट ओठांवर दाबून वाजवावे लागते आणि ओठांना मागून आधार असतो तो दातांचा. दात हलू लागले की वरचे सूर हातचे जातात. १९२६ पासून ‘डिक्सी सिंकोपेटर्स’ या नव्या बँडसह त्याने व्होकॅलियन कंपनीसाठी तबकड्या केल्या. त्या खपल्याही. पण १९२९-३० मध्ये व्हिक्टर कंपनीकडे आला, तेव्हा एकल वादन बऱ्याचदा त्याचा भाचा डेव्ह नेल्सनसारख्या इतरांना द्यावे लागत होते. तबकडीवर नाव किंग ऑलिव्हरचे, सूर दुसऱ्याचा!

त्यात एक चूक झाली. १९२७ साली न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबने त्याला विचारले. पैसे कमी वाटले म्हणून त्याने नकार दिला. ती जागा ड्यूक एलिंग्टन या तरुणाला मिळाली आणि तेथील रेडिओ प्रक्षेपणांनी एलिंग्टनचे नाव देशभर केले. ऑलिव्हरच्या शेवटच्या तबकड्या १९३१ च्या. नंतर मंदीच्या काळात मोडक्या बसमधून दक्षिणेकडचे दौरे, बुडालेले पैसे, सोडून जाणारे वादक.

अखेर जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात तो अडकून पडला. बिलियर्ड्सच्या अड्ड्यात झाडलोट करू लागला. तेथून बहिणीला लिहिलेल्या एका पत्रात त्याने कळवले होते, की आपण पेटीत नाणी साठवतो आहोत, एक डॉलर साठ सेंट जमले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. न्यूयॉर्कचे तिकीट काढायचे होते.

१९३७ मध्ये दौऱ्यावर आलेल्या लुईला आपला पापा जो सव्हानात भाजीच्या गाड्यावर दिसला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी खिसे रिकामे केले. त्या रात्री ऑलिव्हर नीटनेटका पोशाख करून शिष्याचे वादन ऐकायला आला. १० एप्रिल १९३८ रोजी तो गेला. बहिणीने घरभाड्याचे पैसे मोडून त्याचे शव न्यूयॉर्कला आणले. तिकीट निघाले, पण असे. कबरीवर दगड बसवायला तिच्याजवळ काही उरले नव्हते.

लुईच्या तबकड्या मात्र जगभर गेल्या. मुंबईतही आल्या. त्या ऐकून घडलेल्यांपैकी एक होता गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो बँड घेऊन वाजवायचा, आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून लोक त्याला ओळखत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधल्या गाण्यांना त्याच्या ट्रम्पेटची साथ लाभली. ती गाणी आपल्याकडे वरातीत आजही वाजतात.

रिचमंडच्या त्या तबकड्याही आज ऐकता येतात. आवाज खरखरीत आहे, ढोल नाही. पण कान देऊन ऐकले तर पुढे ऑलिव्हर आणि बारा-पंधरा फूट मागे त्याने हाताला धरून आणलेला पोरगा, दोघेही ऐकू येतात.