नौकेवरचा टीव्ही आणि आमचे कारागीर

आम्ही कापडवाले. महालात दुकान, माल गांधीबाग आणि इतवारीतून, शिक्षण उर्दू माध्यमात, आणि मराठी जी येते ती गिऱ्हाईकांनी शिकवलेली. टीव्ही, इंटरनेट हा आमचा विषय नव्हे. तरीही या पानावर त्याबद्दल लिहीत आहोत, कारण मागच्या पावसाळ्यात या विषयाने आमच्या घरचा एक मुलगा पंधरा दिवस अडकवून ठेवला. त्यातून जे दिसले ते आमच्या कारागीर बांधवांच्या पोटापाण्याशी जोडलेले आहे.

रत्नागिरीच्या बाजारात आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. लुंगी, टॉवेल, चादरी असा माल वीस वर्षांपासून आमच्याकडून नेतात. त्यांच्या थोरल्या भावाची मिरकरवाडा बंदरात मासेमारीची नौका आहे. एके दिवशी फोनवर मालाचे बोलून झाल्यावर म्हणाले, "भाई, तुमच्या नागपुरात टीव्हीचा चांगला मिस्त्री आहे का? नौकेवर इंटरनेटवाला टीव्ही लावायचा आहे. इथल्या दोघांनी हात टेकले."

आम्हाला आधी हसू आले. समुद्रात मासे पकडायला जाता की सिनेमा पाहायला? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून हसू थांबले. कोकणात आज नौकामालकाची खरी अडचण डिझेलइतकीच खलाशांची आहे. खलाशी बाहेरचे, पुष्कळ तर नेपाळचे. हंगामाच्या आधी उचल द्यावी लागते. उचल घेऊन माणूस दुसऱ्या नौकेवर जातो किंवा गावाला निघून जातो, आणि लाखांची नौका धक्क्याला बांधून राहते. जवान पोरे आठ-आठ दिवस पाण्यावर राहतात. जाळे टाकले की ओढेपर्यंत रिकामा वेळ. ज्या नौकेवर जेवण बरे, झोपायला जागा बरी आणि संध्याकाळी सामना पाहायची सोय, तिथे खलाशी टिकतो. म्हणजे हा टीव्ही चैनीचा नव्हता, धंद्याच्या भांडवलाचा भाग होता. आमच्या दुकानातही गड्यांसाठी पंखा लावताना आमच्या मरहूम वालिदांनी हाच हिशेब केला होता.

आमचा भाचा टीव्हीचा मिस्त्री. त्याच्या उस्तादांनी १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आले तेव्हापासून महालातल्या छपरांवर अँटेना चढवल्या, पुढे केबल ओढली, मग छत्र्या लावल्या. आज त्या हुन्नराला गिऱ्हाईक राहिले नाही. पडदा फुटला तर दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही परवडतो, आणि छत्रीऐवजी लोक इंटरनेटवर पाहतात. भाचा दिवसातून दोन कामे करतो आणि उरलेला वेळ आमच्या गादीवर बसून चहा पितो. आम्ही म्हणालो, जा. तो गेला, आणि पहिल्या आठवड्यात तोंडघशी पडला.

त्याचे कसे झाले ते सविस्तर सांगतो, कारण शिकण्याजोगे त्यातच आहे.

त्याने आधी छत्रीचा विचार केला. घरी छत्री चालते कारण घर हलत नाही. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी उभा असल्यासारखा असतो, आणि छत्रीचे तोंड बरोबर त्याच्याकडे लागते. दोन-तीन अंशांचा फरक पडला की चित्र गेले. नौका तर धक्क्याला बांधलेली असतानाही लाटेबरोबर त्याहून जास्त डोलते. मोठ्या जहाजांवर पांढऱ्या घुमटाखाली मोटारीवर फिरणारी छत्री असते, ती जहाज कितीही डोलले तरी उपग्रहाकडेच पाहत राहते. तिची किंमत मासेमारी नौकेच्या मालकाला परवडणारी नाही. छत्री बाद झाली.

मग राहिला मोबाईलचा मार्ग. सिमकार्डाचा राऊटर लावायचा आणि त्यावर टीव्ही जोडायचा. बंदरात हे पाच मिनिटांत जमले. टाळ्या झाल्या, मिठाई आली. दुसऱ्या दिवशी नौका बाहेर पडली आणि थोड्याच अंतरावर चित्र गोल-गोल फिरू लागले. कारण राऊटर केबिनच्या आत, टीव्हीच्या मागे, पाण्याच्या पातळीपासून हातभर उंचीवर. पृथ्वी गोल आहे हे आम्ही शाळेत घोकले होते, समुद्रावर ते प्रत्यक्ष भोवते. किनाऱ्यावरचा टॉवर पन्नास मीटर उंच आणि नौकेवरची अँटेना पाच मीटरवर असेल, तरी हिशेबाने अडतीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे सरळ रेषेत गाठ पडत नाही. प्रत्यक्षात त्याच्या अर्ध्यात चित्र अडखळू लागते. भाच्याने मग अँटेना डोलकाठीवर चढवली, चारही बाजूंनी सारखे पकडणारी घेतली, कारण एकाच दिशेची अँटेना नौका वळली की निरुपयोगी. राऊटरही वर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवला. लांब तारेत सिग्नल मरतो, म्हणून अँटेनाची तार हातभरच ठेवली. एवढ्याने फरक पडला.

तिसरी अडचण विजेची. टीव्हीला २३० व्होल्ट लागतात आणि नौकेवर बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टची. पहिल्या मिस्त्रीने इंजिन सुरू करायच्या बॅटरीवरच स्वस्तातला इन्व्हर्टर टाकला होता. इंजिनाला चावी मारली की व्होल्ट खाली बसत आणि टीव्ही बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शिवाय रात्री टीव्ही पाहून बॅटरी उतरली आणि पहाटे इंजिनच सुरू झाले नाही, तर भर समुद्रात काय करणार? टीव्हीसाठी बॅटरी वेगळीच हवी. हिशेब सोपा आहे. बत्तीस इंचाचा टीव्ही आणि राऊटर मिळून साठ वॅट धरा. १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरची घट धरून, सहा अँपिअर. शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची म्हटले तर आठ तास. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा. तार घासून ठिणगी पडली आणि खाली डिझेल असले तर काय होईल हे सांगायला नको.

आणि खारी हवा! नागपुरात तांब्याची तार वीस वर्षे टिकते. तिथे एका हंगामात हिरवी पडते. कल्हई केलेली तार वापरावी, जोडांवर ग्रीस लावावे. शुक्रवारी तलावाच्या काठी वाढलेल्या पोराला हे कोण शिकवणार?

सर्वांत गमतीची गोष्ट टीव्हीचीच. नवा टीव्ही इंटरनेट मिळताच स्वतःची दुरुस्ती उतरवून घेऊ लागला आणि सिमकार्डाचा त्या दिवसाचा सगळा डेटा त्याने एकट्याने खाल्ला. संध्याकाळी सामन्याच्या वेळी पडदा काळा. खलाशांनी भाच्याला काय काय ऐकवले ते तो आम्हाला अजून नीट सांगत नाही. म्हणून भाषा, खाते, घड्याळ, सगळी उठाठेव किनाऱ्यावर वायफायवर करून घ्यावी आणि आपोआप दुरुस्ती बंद करून ठेवावी. स्वच्छ चित्र तासाला सुमारे तीन जीबी खाते, हलके चित्र एक जीबीच्या आसपास. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये वीस षटकांचा सामनासुद्धा स्वच्छ चित्रात पुरा होत नाही. चित्राचा दर्जा खाली आणून ठेवणे हेच शहाणपण.

टॉवरच्या पलीकडे काय? काही नाही. आमचे मिस्त्री चुकतात ते इथेच. "करून देतो शेठ, होऊन जाईल" हे वाक्य आमच्या बाजारात फार स्वस्त झाले आहे. भाच्यानेही ते वाक्य टाकले होते. आम्ही फोनवर त्याला बजावले की आत्ताच्या आत्ता जाऊन मालकाला सांग, किनाऱ्यापासून इतक्या अंतरापर्यंत चालेल, पुढे चालणार नाही. पुढच्या वेळेसाठी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेले पाहता येईल. कापडात रंग जाणारा असेल तर आम्ही गिऱ्हाईकाला आधी सांगतो, कटपीस असेल तर कटपीस म्हणून विकतो. मालक थोडे नाराज झाले, पण पैसे दिले.

नाराजीच्या त्या एक-दोन दिवसांतच एक माणूस त्यांच्याकडे आला. म्हणाला, बाहेरच्या देशातून आणलेले उपग्रहाचे यंत्र आहे, कुठेही चालते, पावती मागू नका. भाच्याने रात्री आम्हाला विचारले. आम्ही सांगितले, हात लावू नकोस, आणि मालकालाही लावू देऊ नकोस.

हा मुद्दा आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय जवळ बाळगणे बेकायदा आहे. माहीत नव्हते म्हणून आणलेल्या परदेशी पाहुण्यांनाही विमानतळावर अटक झालेली आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाची पळवलेली मासेमारी नौका घेऊनच आले होते, आणि त्या नौकेवर उपग्रह फोन सापडला होता. तेव्हापासून किनाऱ्यावरची तपासणी कडक आहे, आणि ती असायलाच हवी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अंदमानच्या समुद्रात म्यानमारची एक नौका सुमारे सहा टन अमली पदार्थांसह पकडली गेली, तिच्यावरही उपग्रह इंटरनेटचे यंत्र मिळाले. अशा परिस्थितीत कागद नसलेले यंत्र आपल्या नौकेवर सापडले, तर आम्ही फक्त क्रिकेट पाहत होतो हे सांगता सांगता हंगाम निघून जाईल. आणि आमच्या लोकांचे खुलासे ऐकून घ्यायला जरा जास्तच वेळ लागतो, हे लपवून काय उपयोग?

सरळ मार्ग नाहीत असे नाही. जहाजांवर आणि विमानांत इंटरनेट देण्याचे नियम सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये केले. टाटा समूहातील नेल्को कंपनी त्याप्रमाणे जहाजांना सेवा देऊ लागली. स्टारलिंकला २०२५ च्या जूनमध्ये भारतात परवाना मिळाला. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरच फिरतात. पण कंपनीला परवाना मिळणे आणि तुमच्या नौकेवर ते यंत्र चालवायला मुभा असणे या दोन गोष्टी आहेत. गिऱ्हाईकाने आधी कागद मागावा आणि मिस्त्रीने कागद पाहिल्याशिवाय पेचकस काढू नये.

मासेमारी नौकांसाठी सरकारने ट्रान्सपाँडर योजना आणली आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. एक लाख नौकांवर इस्रोने तयार केलेले यंत्र बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी. हे यंत्र टॉवरच्या पलीकडेही चालते, पण टीव्हीसाठी नाही. त्यावरून छोटे संदेश जातात-येतात, वादळाचा इशारा मिळतो, संकटात मदत मागता येते. काही मालक टीव्हीसाठी हजारो रुपये मोजतात आणि हे यंत्र बसवायला टाळाटाळ करतात, कारण नौका कुठे आहे हे सरकारला कळते. आम्हाला हा विचार पटत नाही. खलाशाच्या बायकोला टीव्हीशी घेणे नाही, नवरा कुठे आहे याच्याशी आहे.

आता आमच्या कारागिरांकडे वळू. महाल, मोमिनपुरा, इतवारी इथे टीव्हीची, वायरिंगची, बॅटरीची कामे करणारी कितीतरी मुले अर्धा दिवस रिकामी बसतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या दोन महिन्यांत सगळ्या नौका किनाऱ्यावर, डागडुजी चालू. नागपुरातही तेच दिवस मंदीचे. आमच्या दुकानात तर आषाढात माशा मारतात. वायरिंगवाला, बॅटरीवाला आणि अँटेनावाला अशा तिघांनी मिळून जावे, तिथल्या एखाद्या स्थानिक मिस्त्रीला भागीदार करावे म्हणजे हंगामात बिघाड झाला तर गिऱ्हाईक वाऱ्यावर राहणार नाही. टीव्ही हे निमित्त आहे. नौकेवर दिवे आहेत, पंप आहेत, मासे शोधण्याचे यंत्र आहे, वायरलेस आहे, आणि त्या सगळ्यांच्या तारा गंजतात.

अडचण शिक्षणाची आहे. आमच्या मुलांना हात आहे, कागद नाही. उस्तादाकडे दहा वर्षे काढली, पण आयटीआयचे प्रमाणपत्र नाही म्हणून बंदरात मोठे काम मिळत नाही. भाच्याला मालकाने विचारले, बिल देशील का? त्याच्याकडे बिलबुकच नव्हते. आमच्या दुकानाचे कोरे पान फाडून दे म्हणाला. आम्ही दिले नाही. लुंगीच्या बिलावर बॅटरी विकली तर उद्या हिशेब कोण देणार? त्याला इतवारीत नेऊन त्याच्या नावाचे बिलबुक छापून घेतले.

नौका ऑगस्टमध्ये बाहेर पडली. परवा रत्नागिरीहून पैसे आले, चादरींचे आणि टीव्हीच्या कामाचे वेगवेगळे. सोबत निरोप होता की शेजारच्या दोन नौकांनाही काम करून हवे आहे, मात्र तार पहिल्यापासून कल्हईचीच घाला.